भाऊजींचे रविवार आणि माझं टायपिंग

माझ्या दिरांना सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही, असं त्यांच्या लग्नाच्या बोलणीत मी स्वतः मुलीकडच्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. जाऊबाई त्यावरून मला आजही ऐकवतात. तेव्हा मला तरी काय माहीत, की माणसाला लिनक्सचंही व्यसन लागतं. त्यापेक्षा तंबाखू परवडली. तंबाखू खाणारा निदान ती दुसऱ्याच्या तोंडात कोंबत नाही. भाऊजींनी त्यांचं लिनक्स माझ्या गळ्यात बांधलं, आणि तेही अशा वेळी, की माझी नोकरी राहते का जाते हे त्याच लॅपटॉपवर ठरायचं होतं.

नोकरीचं आधी सांगते, म्हणजे मी एवढी का चिडत होते ते कळेल. आमचे मालक बीडला सरकारी कार्यालयात लिपिक होते. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागी मला अनुकंपावर घेतलं. सरकार अनुकंपा दाखवतं, पण अटी-शर्ती लावून. ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, मिनिटाला तीस शब्द. नाही झालात तर सेवा समाप्त. मी दोनदा बसले आणि दोन्ही वेळा नापास झाले. तिसऱ्या वेळेच्या आधी साहेबांनी बोलावून पत्रच हातात ठेवलं. त्यात 'अंतिम संधी' या दोन शब्दांखाली कुणीतरी पट्टी लावून रेघ मारली होती. माझी लेक तेव्हा अकरावीला होती. घर भाऊजींच्या पगारावर चाललं असतं, ते नाही म्हणाले नसते, जाऊबाईही नाही. पण आयुष्यभर दुसऱ्याच्या संसारात पाहुण्यासारखं कडेला बसून जेवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

ऑफिसात सराव करायची सोय नव्हती. मला आवक-जावकचं टेबल दिलेलं, त्यावर दोन जाडजूड रजिस्टरं आणि एक डिंकाची बाटली. टायपिंग पास नाही म्हणून कॉम्प्युटर नाही, आणि कॉम्प्युटर नाही म्हणून टायपिंग पास नाही. हे मी एकदा साहेबांना म्हणाले, तर ते म्हणाले, मुद्दा बरोबर आहे, लेखी द्या.

राहता राहिला घरचा लॅपटॉप. तो मालकांनी घेतलेला, चांगला जुना. चालू करायचं बटण दाबलं की कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत नुसतं गोल गोल फिरत राहायचं. चौसाळ्याच्या आमच्या घरी सकाळी मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, बुद्धवंदना आटोपली की मला तासभर मोकळा मिळायचा. मग डबे आणि बीडची गाडी. त्या तासातला पाव तास लॅपटॉपच जागा व्हायला खायचा. एका रविवारी भाऊजींनी ते बघितलं. भाऊजी नांदूरघाटला शाळेत गणित शिकवतात. म्हणाले, "वहिनी, त्याच्यात काय न्हाई राह्यलं आता. लिनक्स टाकू. पळतंय बघा कसं."

मी हो म्हणाले. तो एक 'हो' मला पुढं पाचेक महिने पुरला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या साध्या कॉम्प्युटरला एक तोंड असतं. खाली पट्टी, कोपऱ्यात घड्याळ, जसं दिलं तसं आपण बिनबोभाट वापरतो. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं दुसरं सॉफ्टवेअर, त्याला तोंडं बदलता येतात. आतली मशीन तीच, पण पट्टी वर घ्या, खाली घ्या, काढूनच टाका, खिडक्या गोल करा, चौकोनी करा. अशी तोंडं ढिगानं आहेत, सगळी फुकट, आणि प्रत्येकाचे भक्त वेगळे. भाऊजींच्या मोबाईलमध्ये एक ग्रुप आहे. त्यात जगभरची बाप्ये माणसं आपापल्या स्क्रीनचे फोटो काढून टाकतात आणि एकमेकांना वाहवा म्हणतात. कामाचं काही नसतं त्या स्क्रीनवर, नुसतं सजवलेलं असतं. बायका रांगोळी काढतात तेव्हा हीच माणसं म्हणतात, वेळ कसा मिळतो तुम्हाला.

पहिलं तोंड आलं ते भाऊजींच्या भाषेत केडीई. मी त्याचं नाव नवरदेव ठेवलं. लई सजलेला. खिडकी ओढली की ती थरथरायची, बंद केली की हळूहळू विरघळायची. पहिल्या दिवशी अख्खं घर बघायला जमलं. मामा म्हणाले, "आरं, हे तर हलतंय." पण त्या थरथरण्यात आमच्या म्हाताऱ्या लॅपटॉपचा जीव जायचा. मी 'महाराष्ट्र शासन' लिहून जाऊन पोळी उलटून यायचे, तोवर 'महारा' उमटलेलं असायचं. बोटं पुढं आणि अक्षरं मागं. चुकलं काय ते कळेपर्यंत मी दोन ओळी पुढं गेलेली. भाऊजींना सांगितलं तर म्हणाले, "मशीन म्हातारं हाय ना, वहिनी." मी म्हणाले, "मग म्हाताऱ्याला मुंडावळ्या कशाला बांधल्या?"

पुढच्या रविवारी दुसरं. याचं नाव गनोम, मी म्हणायचे साहेब. साहेबासारखंच होतं ते. टेबल एकदम स्वच्छ, वर काहीच नाही, सगळं कुठंतरी आत. काही हवं असेल तर नाव लिहून अर्ज करायचा, मग समोर येणार. खिडकी थोडा वेळ बाजूला ठेवायचं जे बारकं बटण असतं, ते शोधून शोधून माझे डोळे गेले.

"ते बटण त्यांनी ठेवलंच न्हाई, वहिनी. लागतच न्हाई ते."

"तुमाला लागत नसंल. मला लागतंय."

"आठ दिवसांनी तुमीच म्हणताल, बरं झालं."

आठ दिवसांनी मी काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिसऱ्या रविवारी त्यांनी एक साधं, जुन्या वळणाचं तोंड टाकलं. एक्सएफसीई म्हणतात त्याला. खाली पट्टी, डावीकडं चित्रं, दाबलं की उघडतं. मला आवडलं. मी म्हणाले, आता हेच राहू द्या. भाऊजींनी मान हलवली. ती मान होकाराची नव्हती हे मला उशिरा कळलं.

मी माझी सोय करून घेतली. सकाळी चष्मा लावायच्या आधी बसायचं तर ती बारकी चित्रं दिसायची नाहीत. माझ्याकडं टिकल्यांची पाकिटं पडून होती. मालक गेल्यावर मामा स्वतः म्हणाले होते, "लाव की टिकली, बाई. कोण न्हाई म्हणतंय? आपण काय त्यातले हावोत का?" पण मलाच लावावीशी वाटत नव्हती, आणि टाकून द्यायलाही हात होत नव्हता. मग मी त्या स्क्रीनला लावल्या. टायपिंगच्या सरावाच्या चित्रावर लाल, जुन्या पेपरांच्या चित्रावर हिरवी, बंद करायच्या बटणावर एक बारीक काळी. बायका आंघोळीला जाताना आरशाला लावतात तशाच. चष्म्याशिवायसुद्धा काम एकदम सुरळीत सुरू झालं. खोटं कशाला बोलू, सकाळी लॅपटॉप उघडला की तो रंग बघून बरं वाटायचं.

सोमवारी सकाळी लाल टिकलीवर बाण नेऊन दाबलं, तर कॅल्क्युलेटर उघडला. हिरवी दाबली तर काहीच नाही. काळी दाबली तर कुठल्यातरी परदेशातलं हवामान. भाऊजींनी रविवारी, मी लेकीला घेऊन बीडला गेलते तेवढ्यात, खालची पट्टी उचलून उभी करून डावीकडं लावलेली. का, तर रुंद स्क्रीनवर उंची वाचते म्हणून.

मी लॅपटॉप उचलला आणि तसाच उघडा त्यांच्यासमोर धरला. भाऊजी दाढी करत होते. त्यांनी स्क्रीनकडं बघितलं, आणि त्यांना उंची-रुंदी काही दिसली नाही, टिकल्या दिसल्या.

"वहिनी, स्क्रीनला टिकल्या?"

"आरशाला चालतात, हिला कावून न्हाई?"

"अहो, डिंक राहतो त्याचा. पुसायला किती..."

"माझी नोकरी पुसली जायला लागली भाऊजी, डिंकाचं काय घेऊन बसलाव."

भाऊजींनी वस्तरा खाली ठेवला. टिकल्या काढू का म्हणाले. मी म्हणाले, टिकल्या ऱ्हाऊ द्या, चित्रं होती तिथं आणा. त्यांनी आणली. एक आठवडा बरा गेला.

आणि मग आली अमावस्या. हे नावही मीच ठेवलं. लॅपटॉप उघडला, तर सगळीकडं काळं. चित्र नाही, पट्टी नाही, बाण कोपऱ्यात असल्यानसल्यासारखा. फक्त वर केसाएवढी एक ओळ, त्यात एक ते नऊ आकडे. मला वाटलं गेला, मालकांनी घेतलेला लॅपटॉप गेला. एक बटण दाबलं, काही नाही. दुसरं दाबलं, काही नाही. कसंबसं सरावाचं पान उघडलं, दहा ओळी छान झाल्या, आणि हात कुठंतरी भलतीकडं पडला तसं ते पानच नाहीसं झालं. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. परीक्षा साडेतीन महिन्यांवर होती.

भाऊजी उत्साहानं आले. "उघडलं का? ह्याला विंडो मॅनेजर म्हणतात, वहिनी. बाकीचं सगळं फेकून दिलं, नुसता खिडक्या लावणारा ठेवला. माऊसची गरजच न्हाई. सगळं बोटावर."

मी बोलायला लागले ते मला सगळं आठवत नाही, पण एवढं आठवतं. "तुमचा रविवार करमणुकीत जातो भाऊजी, आणि माझा सोमवार मातीत जातो. मला नापास करून तुमाला काय मिळणार हाय? तुमचे भाऊ असते तर त्यांच्या लॅपटॉपला हात लावायची तुमची टाप नसती झाली." शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. भाऊजींचा चेहरा एकदम उतरला. ते बाहेर जाऊन गाडी पुसत बसले. ती कालच पुसलेली होती. मला रडू आलं ते नोकरीच्या भीतीचं का त्या वाक्याचं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

मामा हे सगळं ओट्यावरून ऐकत होते. मामा कोर्टात बेलीफ होते. उभा जन्म समन्स पोचवण्यात गेलेला, त्यामुळं लेखी झाल्याशिवाय कुठलीही गोष्ट झाली असं ते धरत नाहीत. आमच्याकडं भावकीतलं बांधाचं भांडण असो, नाहीतर लग्नात कुणी काय आणायचं असो, मामा कागद काढतात आणि खाली दोन पंचांच्या सह्या घेतात. ते आत आले आणि म्हणाले, "हिनं एक पसंत करावं. त्यानं लिहून द्यावं. विषय संपला."

त्याच संध्याकाळी पसंतीचा कार्यक्रम झाला. भाऊजींनी चारही तोंडं लॅपटॉपमध्ये शेजारी शेजारी ठेवली होती, आत शिरताना हवं ते निवडता यायचं. साडीच्या दुकानात बसतात तशी मी समोर बसले आणि म्हणाले, दाखवा. जाऊबाई शेजारी बसल्या. त्यांना नवरदेव आवडला, रंग खुलतो म्हणाल्या. मी म्हणाले, नेसायचंय मला. मी प्रत्येकावर एकच ओळ टाइप करायची ठरवलं: 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की'. ऑफिसात दिवसातून दहा कागदांवर वाचायचे ती. नवरदेवावर अक्षरं रेंगाळली. साहेबावर ओळ ठीक, पण पेपर आणि टायपिंगचं पान शेजारी शेजारी लावता लावता नाकीनऊ आले. साध्या तोंडावर सगळं ठीकठाक होतं. मी तेच घेणार होते. पण भाऊजी अगदी हळू आवाजात म्हणाले, "चौथं पण बघा एकदा. मग न्हाई म्हणा."

मी अमावस्येत शिरले. भाऊजी लांब उभे राहूनच सांगत होते, मघापासून ते माझ्या जवळ आले नव्हते. पेपर उघडला तर त्यानं अख्खी स्क्रीन घेतली. टायपिंगचं पान उघडलं तर पेपर आपोआप डावीकडं सरकला आणि पान उजवीकडं बसलं. निम्मं-निम्मं, मधे रेघसुद्धा नाही. इकडून तिकडं जायला विंडोचं बटण धरून एल दाबायचं, की उजवीकडं. माऊसकडं हात न्यायचाच नाही. आणि बोट पडायच्या आत अक्षर उमटत होतं. ती ओळ मी टाइप केली, आणि परत केली, आणि न थांबता खालचीही केली. बघायला दुसरं काही नव्हतंच तिथं.

"हेच," मी म्हणाले.

भाऊजींना हसावं का नाही ते कळेना. मी म्हणाले, "हसू नका. राग गेला न्हाई माझा."

मामांनी कागद काढला. तो मी जपून ठेवलाय, म्हणून शब्द न शब्द देते. 'मी खाली सही करणार, राहणार चौसाळा, कोणत्याही दबावाशिवाय लिहून देतो की, वहिनींची परीक्षा होईपर्यंत सदर लॅपटॉपचे तोंड, पट्टी, रंग, अक्षर अथवा कोणतेही बटण मी स्वतः अगर दुसऱ्याकरवी बदलणार नाही. बदलल्यास पुढील एक वर्ष दळण आणण्याचे काम मजकडे राहील.' पंच म्हणून जाऊबाई आणि शेजारचे किराणा दुकानदार. दुकानदारांनी सही करायच्या आधी विचारलं, नेमकं भांडण कशाच्या तोंडाचं आहे. मामा म्हणाले, तुमी सही करा.

भाऊजींनी शब्द पाळला. रविवारी ते लॅपटॉपभोवती घुटमळायचे, बघायचे आणि सुस्कारा सोडून निघून जायचे. आणि मला ते काळं तोंड असं सवयीचं झालं, की बोटं आपोआप चालायला लागली. टिकल्या खरडून काढल्या, त्यांची गरजच राहिली नाही. एल दाबून उजवीकडं, एच दाबून डावीकडं, डोळे मिटूनही जमायचं. परीक्षेच्या आठवड्यात मी मिनिटाला चाळीसवर गेलते. भाऊजी घड्याळ लावून मोजायचे आणि ज्याला त्याला सांगायचे. मला वाटलं, झालं, आता कुणी अडवत नाही.

सेंटर गेवराईला आलं. भाऊजींनी रजा टाकली आणि मला गाडीवर घेऊन गेले. हायवेनं ट्रकांच्या मधून जाताना मी त्यांच्या पाठीमागं बसून मांडीवर बोटं चालवत होते. आत मोबाईल न्यायला बंदी. भाऊजी गेटबाहेर थांबले.

आतली मशीन नवीकोरी, तोंड आपलं नेहमीचं, सगळ्या जगाकडं असतं ते. स्क्रीनवर डावीकडं उतारा आणि उजवीकडं टाइप करायची चौकट. बघून मला हसूच आलं, माझ्या घरच्यासारखीच मांडणी. मॅडम म्हणाल्या, सुरू करा. मी सुरूचं बटण दाबलं, वर घड्याळ पळायला लागलं, सात मिनिटं. टाइप करून बघते तर अक्षर उमटेना. लक्षात आलं, आपण अजून डावीकडं आहोत, उजवीकडच्या चौकटीत जायचंय. आणि माझ्या हातानं मला न विचारता विंडोचं बटण धरलं आणि एल दाबला.

घरच्या लॅपटॉपवर या बटणांनी उजवीकडं जातात. सगळ्या जगाच्या कॉम्प्युटरवर या बटणांनी कुलूप लागतं. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. माझ्या ऑफिसच्या टेबलावर डिंकाची बाटली होती, कॉम्प्युटर नव्हता. समोर निळं आभाळ आणि डोंगर आले, आणि खाली पासवर्ड मागणारी चौकट.

मी हात वर केला. मॅडम आल्या, म्हणाल्या, "हे काय केलं तुम्ही? पासवर्ड ऑपरेटरकडं असतो." ऑपरेटर खोलीत नव्हते. मॅडम दारापर्यंत गेल्या, परत आल्या, म्हणाल्या, बघते. त्या डोंगरामागं माझं घड्याळ पळत होतं, आणि मला ते दिसतही नव्हतं. आजूबाजूला पंचवीस जणांची खडखड. माझ्या डोळ्यांसमोर ते पत्र आलं, पट्टीनं मारलेल्या रेघेसकट. लेक आली. मालक आले आणि मला त्यांचाही राग आला, आलाच, की तुम्ही गेलात म्हणून मी इथं बसलेय. मग मी उभी राहिले आणि आमच्या शेतातून हाक मारतात तेवढ्या आवाजात म्हणाले, "ऑपरेटर दादा, जिथं असाल तिथून पळत या, नाहीतर मी इथून हलणार न्हाई." पंचवीस जणांची खडखड थांबली. ऑपरेटर खरंच पळत आले. हातात चहाचा कप तसाच होता.

कुलूप उघडलं. दीडएक मिनिट गेलं होतं. मी माऊसनं चौकटीत दाबलं, साध्या माणसासारखं, आणि मान खाली घातली. त्यानंतर मी काय टाइप केलं ते मला आजही सांगता येणार नाही. उतारा पाणलोट क्षेत्राबद्दल होता एवढंच आठवतं. वेळ संपून पान बंद झालं तरी माझी बोटं चालूच होती. शेवटची ओळ झाली का राहिली, माहीत नाही.

गेटकडं निघाले तेव्हा मनात एकेक शब्द जुळवत होते, भाऊजींना काय काय बोलायचं ते. तर भाऊजी गेटच्या सळया धरून उभे. वॉचमन मला म्हणाला, "ताई, हे तुमचे का? तासाभरापासून माझ्या मागं लागलेत, की आत निरोप द्या, एल दाबू नका म्हणावं. आता असला निरोप मी कुणाला न्हेऊन देऊ?"

मी आत गेल्यावर त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. तोवर उशीर झालेला. ओठ कोरडे पडलेले, सकाळचा डबा गाडीला तसाच अडकवलेला. "वहिनी," ते म्हणाले, "तुमी ते... विंडोचं बटण आन् एल... न्हाई ना दाबलं?"

मी त्या माणसाला कधी काही सोडलेलं नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी मी त्यांना ऐकवायचं कारण शोधलेलं आहे. पण त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, "कोणतं एल? तिथं तर नुसतं माऊसनं दाबायचं होतं."

भाऊजी तिथंच फुटपाथवर बसले. मग आम्ही डबा खाल्ला.

निकालाला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात मी भाऊजींवर एकदाही रागावले नाही. रागवायला तोंड उघडलं, की मनात यायचं, नापास झाले तर ते त्या एकाच बटणानं, आणि हे त्यांना कळलं तर हा माणूस परत कॉम्प्युटरला हात लावणार नाही आणि माझ्या डोळ्याला डोळाही देणार नाही. मालक गेले तेव्हा दवाखान्यातलं सगळं भाऊजींनीच निस्तरलं होतं, मला एक कागद बघू दिला नव्हता. त्यांच्यावर हे ओझं टाकायचं नव्हतं मला. नापास व्हायचंच तर मी एकटी होईन, माझ्या अकलेनं. म्हणून मी गोड बोलत राहिले. त्यामुळं घरात घबराट पसरली. भाऊजी ओल्या पायानं स्वयंपाकघरात आले तरी मी म्हणायचे, असू द्या. जाऊबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, कायी दुखतंय का?" मामा म्हणाले, बीडला दाखवून यावं, रक्त तपासावं. मी भाऊजींना म्हणाले, परीक्षा झाली, आता बदला लॅपटॉप, कागदाची मुदत संपली. तर ते म्हणाले, निकाल लागू द्या. आणि हातही लावला नाही.

निकाल भाऊजींनीच मोबाईलवर उघडला. नंबर दोनदा चुकीचा टाकला. मग मोबाईल माझ्या हातात दिला, त्यांना वाचवेना. पास होते. काठावर, पण पास. मामा वंदनेच्या जागी जाऊन उभे राहिले. लेक माझ्या गळ्यात पडली, जाऊबाईंनी साखरेचा डबाच आणला. मी साखर खाल्ली, पदरानं तोंड पुसलं, आणि म्हणाले, "भाऊजी, या इकडं. समोर बसा."

आणि मग मी त्यांना जे झापलं. दीड महिन्याचं साठलेलं होतं. एल, निळं आभाळ, डोंगर, ऑपरेटरचा चहा, सगळं सांगितलं. मग नवरदेवापासून सुरुवात केली आणि एकेक रविवार मोजायला घेतला. मामांनी खुर्ची जवळ ओढली, जाऊबाईंच्या चेहऱ्यावर रंग आला, घर एकदम घरासारखं झालं. भाऊजी मान खाली घालून ऐकत होते. दुसऱ्या रविवारपाशी मी आले तेव्हा त्यांनी वर बघितलं.

"म्हंजे दाबलं होतं तुमी. मग इतके दिवस कावून न्हाई सांगितलं?"

"नापास झाले असते, तर कधीच सांगितलं नसतं," मी म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरायच्या आत पुढं बोलायला लागले, कारण टिकल्यांच्या रविवारचं अजून राहिलं होतं.